तीन जन्म आणि सप्ताळूचा बहर: ‘एटर्नल लव’ या चिनी मालिकेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी प्रेक्षक या मालिकेबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एका जागी आणलं आहे. प्रश्न १ ते १२ मध्ये कथेचं मोठं गुपित फुटत नाही. फार तर सुरुवातीच्या भागांतलं थोडंफार कळेल. प्रश्न १३ पासून सगळं उघड आहे. मालिका अर्धवट असेल तर तिथे थांबा, संपवून परत या.

१. ‘एटर्नल लव’ शोधलं की तीन-चार वेगळ्याच गोष्टी समोर येतात. यातली खरी कोणती?

३० जानेवारी २०१७ रोजी जज्यांग उपग्रह वाहिनी आणि शांघायची ड्रॅगन टीव्ही यांच्यावर सुरू झालेली, ५८ भागांची. नायिका यांग मी, नायक तैवानचा मार्क चाओ, दिग्दर्शन लिन यूफन यांचं. इंग्रजीत हिला ‘टेन माइल्स ऑफ पीच ब्लॉसम्स’ असंही म्हणतात.

घोटाळा तीन ठिकाणी होतो. नावापुढे ‘द’ लागलेली ‘द एटर्नल लव’ त्याच वर्षीची, पण ती कालप्रवासाची हलकीफुलकी मालिका. हिच्याशी काही संबंध नाही. ‘एटर्नल लव ऑफ ड्रीम’ ही २०२० ची, याच विश्वातली पण दुसऱ्या जोडीची (प्रश्न १८). आणि ‘वन्स अपॉन अ टाइम’ हा ऑगस्ट २०१७ चा चित्रपट, गोष्ट हीच पण कलाकार वेगळे (प्रश्न १७). भागांची संख्या ५८ दिसली की बरोबर जागी आलात.

२. नावाचा अर्थ काय? ‘दहा मैल’ म्हणजे नक्की काय दहा मैल?

चिनी नाव आहे ‘सान शंग सान श, श ली थाओहुआ’. शब्दशः: तीन जन्म, तीन जगं, दहा ली पीचची फुलं. ‘ली’ हे चिनी अंतराचं माप, आजच्या हिशेबाने अर्धा किलोमीटर. म्हणजे दहा ली म्हणजे पाच किलोमीटर, आपल्या जुन्या भाषेत दीड कोसाच्या आसपास. इंग्रजी भाषांतरकारांनी ‘मैल’ करून वन तिप्पट वाढवून ठेवलं आहे.

पीचला जुन्या मराठीत सप्ताळू म्हणतात. चिनी मनात या फुलाचा प्रेमाशी आणि लग्नाशी फार जुना संबंध आहे. एखाद्याच्या आयुष्यात प्रेमाचा योग आला की तिकडे ‘पीचचं फूल उमललं’ म्हणतात, आणि नको ते प्रेमप्रकरण गळ्यात पडलं की ते ‘कुजकं पीचफूल’. मालिकेत हा शब्दखेळ सतत येतो. उपशीर्षकांत मात्र नुसतं ‘फूल’ दिसतं आणि पात्रं का हसली ते कळत नाही.

३. शियेनशिया म्हणजे काय? तलवारी तर वूशियामध्येही असतात.

‘एटर्नल लव’ ही शियेनशिया प्रकारातली. वूशिया म्हणजे तलवारबाज वीरांच्या गोष्टी, आणि त्यातली माणसं माणसंच असतात. कितीही उंच उडी मारली तरी म्हातारी होतात आणि मरतात. शियेनशियामध्ये ‘शियेन’ म्हणजे साधनेने अमर झालेले किंवा जन्मजात दिव्य जीव. त्यामुळे तिथे मृत्यू हा शेवट नसतो आणि स्मृती जाणं हेच खरं मरण ठरतं. हे एवढं लक्षात ठेवलं तर या प्रकारच्या मालिकांचं अर्धं व्याकरण कळलं.

छोट्या पडद्यावर हा प्रकार रुजवला तो २००५ च्या ‘चायनीज पॅलाडिन’ने. तिचा आधार होता १९९५ मधला एक तैवानी संगणक-खेळ. पात्रांच्या ‘पातळ्या’, ‘शक्ती’, ‘अस्त्रं’ ही भाषा एवढी खेळासारखी का वाटते, त्याचं एक कारण हेही आहे.

४. ५८ भाग! एवढा वेळ कुठून आणू? कुठपर्यंत बघून ठरवू?

एक भाग साधारण ४५ मिनिटांचा, म्हणजे एकूण साडेत्रेचाळीस तास. शीर्षकगीत, शेवटचं गाणं आणि पुढच्या भागाची झलक वगळली तर दर भागी चार-पाच मिनिटं सहज वाचतात. झलक तर वगळाच. तीत पुढच्या भागातला सगळ्यात मोठा धक्का बिनदिक्कत दाखवलेला असतो. रोज दोन भाग बघितले तर २९ दिवस.

पहिल्या तीन भागांवर निकाल देऊ नका. नायक-नायिकेची खरी गोष्ट साधारण पहिल्या दहा भागांनंतर सुरू होते. त्याआधी नायिका पुरुषवेषात गुरुकुलात आहे आणि नायक जवळपास दिसतच नाही. पुष्कळ जण इथेच कंटाळून सोडतात. पण हा भाग गाळून चालत नाही, कारण पुढचं प्रत्येक ऋण इथे तयार होतं. विसाव्या भागापर्यंत या. तोवर घशात आवंढा आला नाही तर ही मालिका तुमच्यासाठी नाही.

पुढे सरकवायचंच असेल तर गुरुबंधू झ लान आणि शत्रुकुळातली राजकन्या येनज यांचे प्रसंग. वाईट नाहीत, पण लांबवलेले आहेत.

५. भारतात कुठे बघता येईल? मराठीत किंवा हिंदीत आहे का?

मराठी उपशीर्षकं किंवा मराठी आवाज अधिकृतपणे कुठेही नाहीत. इंग्रजी उपशीर्षकांसाठी आधी राकुतेन विकी तपासा, मग वितरकांच्या अधिकृत यूट्यूब वाहिन्या. हिंदीत ऐकायची सवय असेल तर अ‍ॅमेझॉन एमएक्स प्लेयरच्या परदेशी विभागात हिंदीत डब केलेल्या बऱ्याच चिनी मालिका असतात. हक्क बदलले की मालिका इकडून तिकडे जातात, म्हणून सुरू करण्यापूर्वी ५८ च्या ५८ भाग आहेत का हे मोजून घ्या. वीटीव्ही हे अ‍ॅप भारत सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये ४३ अ‍ॅपच्या यादीत बंद केलं, त्यामुळे तिथला दुवा कोणी पाठवला तर उपयोग नाही.

यंत्राने केलेली उपशीर्षकं टाळा. बोली चिनीत तो, ती आणि ते या तिन्हींसाठी एकच उच्चार आहे: ‘था’. यंत्र अंदाजाने लिंग ठरवतं. इथे नायिका पहिले कित्येक भाग मुलगा म्हणून वावरते. कोणाला ती मुलगी आहे हे ठाऊक आहे आणि कोणाला नाही यावर सगळी गंमत उभी आहे. ‘तो’ आणि ‘ती’ उलटसुलट झाले की ती गंमत गेलीच.

६. ओठ आणि आवाज जुळत नाहीत. माझी प्रत खराब आहे का?

नाही. चिनी पोशाखी मालिकांमध्ये बहुतेक आवाज चित्रीकरणानंतर स्टुडिओत भरले जातात, आणि पुष्कळदा नटाचा आवाज त्याचा स्वतःचा नसतोच. सेटवर गोंगाट असतो, नटांचे प्रांतीय उच्चार वेगवेगळे असतात, आणि संवाद नंतर बदलले तरी चालतात. तीन-चार भागांत कान सरावतो.

७. नावं लक्षातच राहत नाहीत. उच्चार कसे करायचे?

इंग्रजी स्पेलिंग बघून उच्चार केला की फसगत होते. क्यू अक्षर म्हणजे ‘छ’, एक्स म्हणजे ‘श’, सी म्हणजे ‘त्स’. म्हणून नायिका ‘बाई कियान’ नव्हे, ‘बाय छ्येन’. तिचं राज्य ‘छिंगछ्यू’.

पहिल्या आठवड्यात एवढे पुरेत: ये हुआ (स्वर्गाचा युवराज, कायम काळ्या कपड्यांत), मो युआन (युद्धदेवता, नायिकेचा गुरू), ज येन (पीचच्या वनाचा मालक, जुनाजाणता फिनिक्स, दारू उत्तम गाळतो), फंग ज्यू (नायिकेची भाची, लाल कपडे), तुंग हुआ (पांढऱ्या केसांचा निवृत्त सम्राट), सू जिन (हिच्यावर लक्ष ठेवा), छिंग त्सांग (घंटेत कोंडलेला शत्रू). कपड्यांचा रंग आणि केस यांवरून ओळखायला शिका, नावं मागून येतात.

नायिकेच्या मर्त्य रूपाचं नाव ‘सू सू’ आहे. हो, मराठी घरात पहिल्यांदा ऐकल्यावर सगळे हसतात. चिनीत ‘सू’ म्हणजे साधं, पांढरं, अनलंकृत. अठराव्या भागाच्या सुमारास कोणी हसत नाही.

८. तिला कोणी ‘आंट’ म्हणतं, कोणी ‘सेव्हन्टीन’, कोणी ‘लिटल फाइव्ह’. ही एकच बाई आहे ना?

एकच. आणि इथे मराठी प्रेक्षकाला इंग्रजीवाल्यापेक्षा सोपं जातं. ‘गूगू’ म्हणजे आत्या, अगदी नेमकी आत्या, बापाची बहीण. फंग ज्यू ही तिच्या भावाची मुलगी. छिंगछ्यूतली परकी माणसंही तिला आदराने आत्याच म्हणतात. चार भावांनंतरची पाचवी म्हणून ज येन तिला ‘धाकटी पाचवी’ म्हणतो. गुरुकुलात मो युआनचा सतरावा शिष्य म्हणून ती ‘सतरावा’; तिथलं पुरुषी नाव ‘स इन’. ‘शश्युंग’ म्हणजे मोठा गुरुबंधू. उपशीर्षकांत ‘सीनियर’ लिहितात आणि कॉलेजातला वाटतो.

गंमत अशी की आत्या म्हणून मिरवणाऱ्या या बाईंचं लग्न त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान युवराजाशी ठरलेलं असतं (प्रश्न १०). मूळ सोयरीक त्याच्या काकाशी होती. काकाने दुसरीशीच सूत जुळवलं, तेव्हा स्वर्गाच्या राजाने तोंड राखायला ‘पुढचा जो युवराज होईल त्याच्याशी’ असा शब्द दिला.

९. शांगशियेन, शांगशन, दीजुन ही उतरंड काय आहे? आणि मधूनच वीज का पडते?

शांगशियेन म्हणजे वरचा अमर, त्याच्या वर शांगशन म्हणजे वरचा देव. ‘थियेनजुन’ हा स्वर्गाचा सत्ताधारी राजा. ‘दीजुन’ हा त्याहून जुन्या पिढीचा सम्राट. सत्ता सोडली तरी मान मोठा. एका पायरीवरून दुसरीवर जाताना परीक्षा द्यावी लागते आणि ती बहुधा आकाशातल्या विजेच्या रूपात येते. झेलली तर बढती, नाही तर संपलात. सुरुवातीच्या भागांत गुरू आपल्या सतराव्या शिष्यावरची वीज स्वतःच्या अंगावर घेतो, तो प्रसंग नीट बघा. पुढच्या युद्धात तो अधू अंगाने उतरतो, त्याचं मूळ तिथे आहे.

या परीक्षेला चिनीत ‘ज्ये’ म्हणतात आणि हा शब्द आपला आहे. संस्कृत ‘कल्प’ बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तिथे ‘ज्येपो’ झाला आणि मग नुसता ‘ज्ये’. कल्पाच्या शेवटी प्रलय येतो, म्हणून तिकडे शब्दाचा अर्थ ‘आपत्ती, अटळ संकट’ असा झाला. असुरी शक्तीला म्हणतात ते ‘मो’, तो बुद्धाला छळणारा ‘मार’. मो युआनमधला ‘मो’ मात्र वेगळा. त्याचा अर्थ शाई.

१०. ती १,४०,००० वर्षांची आणि तो ५०,००० वर्षांचा? हे गणित कसं लावायचं?

तिचं आयुष्य असं मांडा: पन्नास हजाराव्या वर्षी गुरुकुलात, वीस हजार वर्षं शिष्यत्व, मग सत्तर हजार वर्षं गुरूच्या निष्प्राण देहाची राखण. झाली एक लाख चाळीस हजार. तो पन्नास हजारांचा. म्हणजे नव्वद हजारांचं अंतर, आणि ती स्वतः त्याला ते ऐकवून दाखवते. त्यांचा मुलगा आ ली तीनशे वर्षांचा आहे आणि दिसतो तीन-चार वर्षांचा. लाडाचं नाव ‘थ्वानझ’, म्हणजे पिठाचा गोळा.

दुसरा नियम: स्वर्गातला एक दिवस म्हणजे पृथ्वीवरचं एक वर्ष. देव ‘ज्ये’ भोगायला माणूस होऊन साठ वर्षं जगला तर वर जेमतेम दोन महिने जातात. सू सू राहते तो ज्युनजी पर्वत मात्र माणसांच्या जगात नाही; तो देवलोकाच्याच पूर्वेकडच्या रानात येतो. तिथे हे कोष्टक लावू नका.

११. हे सगळं आपल्या पुराणांसारखं का वाटतं? तिकडून घेतलंय का?

थेट नाही. मुळं चिनी आहेत. छिंगछ्यू आणि तिथला नऊ शेपट्यांचा कोल्हा ‘शान हाय जिंग’ या दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या भूगोल-पुराणग्रंथात येतो. तिथे तो तान्ह्या बाळासारखा ओरडतो आणि माणसं खातो! पुढे लोककथांत तो कधी शुभ झाला, कधी मोहिनी घालणारी बाई. या मालिकेने त्याचं राजघराणं केलं, आणि नायिका त्याच घराण्यातली. नायिकेचं गुरुकुल आहे तो खुनलुन पर्वत तर नकाशावर आहे, अक्साई चीनच्या उत्तरेला. चिनी पुराणात तो दिव्य जीवांचा निवास, जसा आपल्याला कैलास.

पण बौद्ध धर्मातून पुनर्जन्म, कर्म आणि नागराज तिकडे गेले, त्यामुळे ओळखीचं वाटतं ते उगाच नाही. स मिंग नावाचा देव प्रत्येकाचं नशीब वहीत लिहितो. त्याला आपली सटवाई समजा, फरक इतकाच की हा गप्पिष्ट आहे आणि गळ घातली तर मजकूर बदलतो. शकुंतला माहीत असलेल्यांना विस्मृतीचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडे विसर शापाने पडतो आणि उःशाप असतो. इथे नायिका विसरण्याचं औषध स्वतः मागून पिते.

१२. आई-वडिलांसोबत किंवा मुलांसोबत बघता येईल का?

आईसोबत खुशाल. शृंगार चुंबनापुढे फारसा जात नाही, शिवीगाळ नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना विसाव्या भागाच्या आधीचे तीन-चार भाग दाखवू नका. शारीरिक इजेचा एक प्रसंग कठीण आहे (प्रश्न १३). चिनी मालिका घरच्यांना दाखवायची असेल तर पोशाख आणि निसर्गाने सुरुवात करा. छिंगछ्यूची तळी आणि टेकड्या खऱ्या आहेत, युन्नान प्रांतातल्या फूजहेय या ठिकाणच्या. चुनखडीचे सुळके आणि त्यांच्यामध्ये कमळांची तळी.

*इथून पुढे गुपितं उघड आहेत.*

१३. ये हुआने तिचे डोळे का काढले? एवढं प्रेम होतं तर पळवून का नेलं नाही?

सर्वाधिक आलेला प्रश्न, आणि सर्वाधिक रागाने आलेला.

सू जिन डोळे गमावते आणि आळ सू सूवर टाकते. स्वर्गाचा राजा हुकूम देतो: डोळ्याला डोळा. ये हुआसमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे उघडपणे तिची बाजू घेणं. तसं केलं असतं तर युवराजाचा जीव या मर्त्य बाईत अडकला आहे हे राजाला कळलं असतं, आणि मग ती जिवंत राहिली नसती. आधीपासूनच तो तिच्याशी चारचौघांत थंडपणे वागतो, सू जिनची काळजी घेतल्यासारखं दाखवतो, ते त्यासाठी. दुसरी वाट म्हणजे शिक्षा कमीत कमी करून घेणं आणि ती स्वतःच्या हाताने देणं. त्याने ती निवडली.

हिशेब त्याच्या बाजूने बरोबर आहे. चूक ही की तो हिशेब त्याने तिला सांगितला नाही. तिला दिसलं ते एवढंच: नवऱ्याने दुसऱ्या बाईसाठी माझे डोळे घेतले. बाळंतपणानंतर ती जूशियेन थाय या कठड्यावरून उडी मारते, ती डोळे गेले म्हणून नाही, तर विचारायला कोणी उरलं नाही म्हणून. त्याला माफ करायचं की नाही यावर प्रेक्षकांत एकमत नाही. आमचं मत: त्याचा हेतू पटतो, मौन पटत नाही. आणि मालिकाही पुढची अडतीस-चाळीस प्रकरणं त्याच मौनाची किंमत त्याच्याकडून वसूल करते.

१४. तीनशे वर्षांनी भेटल्यावर तिला काही आठवत नाही, पण त्याला सगळं आठवतं. मग तो सांगत का नाही?

सांगून काय सांगणार? ‘तू माझी बायको होतीस आणि मी तुझे डोळे काढले’? तिने विसरणं निवडलं हे कळल्यावर तिची आठवण परत आणणं म्हणजे तीच जखम पुन्हा देणं. म्हणून तो नव्याने सुरुवात करतो: छिंगछ्यूत येऊन राहतो, स्वयंपाक करतो, तिच्या गुहेत बसून राज्यकारभाराचे कागद निकालात काढतो.

पूर्वसमुद्राच्या नागराजाच्या महालातली ती भेट परत बघा. तिच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून पांढऱ्या रेशमाची पट्टी बांधलेली. तिला पहिल्यांदा हाक मारतं ते पोर, ‘आई’ म्हणून. तिला वाटतं चुकलेलं मूल आहे, ती समजूत घालते. बाप पाठीमागून येतो. डोळे नसलेली सू सू आणि डोळे झाकलेली बाय छ्येन, दोन्ही त्याला एकाच वेळी दिसतात. तिला त्यातलं काहीच नाही. पहिल्यांदा बघताना हा प्रसंग गमतीचा वाटतो. दुसऱ्यांदा बघवत नाही.

या मालिकेत दुःख घडतं ते नेहमी असंच. एकाला माहीत असतं, दुसऱ्याला नसतं, आणि पुढच्या जन्मी पारडं उलटतं. कोणता भाग बघताय आणि त्या क्षणी कोणाला काय आठवतंय एवढं कागदावर लिहून ठेवलं तर गोंधळ होत नाही.

१५. मो युआन आणि ये हुआ यांचा चेहरा एकच का? तिचं प्रेम खरं कोणावर?

दोघेही मार्क चाओच. कथेत ते जुळे भाऊ. धाकट्याचा आत्मा जन्मतःच क्षीण होता म्हणून खुनलुनवरच्या तळ्यात सोनेरी कमळात राखून ठेवला होता. तोच पुढे ये हुआ म्हणून जन्मला. ओळखायची सोपी खूण: मो युआन हळू बोलतो आणि निळ्या-राखाडी फिकट रंगांत असतो. ये हुआ काळ्यात (प्रश्न १६).

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ये हुआवर. गुरूवर आहे ते ऋण, आणि सत्तर हजार वर्षं स्वतःच्या काळजाचं रक्त देऊन तिने ते फेडलं. घोटाळा होतो तो मो युआनच्या बाजूने. घंटेत आत्माहुती देताना तो दोनच शब्द बोलतो, ‘तंग वो’: माझी वाट बघ. गुरू शिष्याला म्हणतो का प्रियकर प्रेयसीला, हे मालिका उघड करत नाही. परत आल्यावर तो काहीच मागत नाही. दुसऱ्या नायकासाठी झुरणाऱ्यांची सगळी फौज या दोन शब्दांतून निघाली आहे.

१६. तो सतत काळ्याच कपड्यांत का असतो?

काळ्यावर रक्त दिसत नाही. जखमी झालो हे शत्रूला आणि घरच्यांना कळू नये, म्हणून. तिला हे कळतं ते ओल्या वाटणाऱ्या बाहीला हात लागल्यावर. एवढी साधी गोष्ट, आणि त्यानंतर मागचे सगळे प्रसंग आठवतात: तो नुसता उभा होता, तेव्हा किती वेळा जखमी असेल?

१७. शेवट सुखाचा आहे ना? आणि कादंबरी, चित्रपट, मालिका यांत फरक काय?

चिनी चाहते शेवटाला ‘एचई’ (सुखान्त) किंवा ‘बीई’ (दुःखान्त) असं लेबल लावतात. ही एचई, पण वाट काचांची. ये हुआ छिंग त्सांगला रोखताना तिच्या मिठीत मरतो. ती त्याचा देह सोडायला तयार होत नाही, मग सोडते. तीन वर्षं जातात. मग पीचच्या झाडाखाली तो उभा असतो आणि साधंच काहीतरी म्हणतो: छ्येनछ्येन, इकडे ये. तो कसा वाचला याचं स्पष्टीकरण घाईघाईत उरकलं आहे. तिथे फार तर्क लढवू नका.

मूळ कादंबरी थांग छी या लेखिकेची. ती सुरूच होते सू सूपासून, गुरुकुल नंतर आठवणीतून येतं. मालिकेने क्रम सरळ केला. त्यामुळे कादंबरीत जे कोडं आहे ते मालिकेत प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. तुटतं ते जास्त, चकवतं कमी. लियू यीफेइ आणि यांग यांग यांच्या चित्रपटात तेच सगळं दोन तासांत कोंबलं आहे. दिसायला देखणा आहे, पण सत्तर हजार वर्षांचं ओझं दोन तासांत जाणवत नाही. आधी चित्रपट बघू नका.

१८. फंग ज्यू आणि तुंग हुआची गोष्ट मध्येच सुटली. माझे भाग कमी आहेत का?

नाहीत. तुंग हुआने जगाच्या रक्षणासाठी तीन जन्मांच्या शिळेवरून स्वतःचं नाव पुसलं आहे, म्हणून त्याच्या नशिबात जोडीदारच नाही. या मालिकेत ती गोष्ट तिथेच थांबते. पुढचं (आणि बरंचसं मागचं) जानेवारी २०२० च्या ‘एटर्नल लव ऑफ ड्रीम’ या ५६ भागांच्या मालिकेत आहे. या दोन भूमिका करणारे दिलराबा दिलमुरात आणि गाओ वेइग्वांग तिथेही तेच. काही प्रसंग तिथे पुन्हा घडतात आणि तपशील बदललेले असतात. दोन्हीचा मेळ घालत बसू नका, नवीन मालिकेचं खरं धरा.

१९. ते शेवटचं गाणं कोणतं? त्याचा अर्थ काय?

‘ल्यांगल्यांग’, गायिका जांग बीछन आणि गायक यांग जोंगवेइ. शब्दाचा अर्थ गार, थंडगार. रात्र थंड, मन थंड. गाणं इतकं चाललं की चिनी तरुणांच्या बोलीत ‘ल्यांगल्यांग’ म्हणजे ‘संपलं सगळं’, आपल्या ‘वाट लागली’सारखं. परीक्षेचा पेपर बघून मुलं ते म्हणतात.

२०. संपली. आता दुसरं काही बघवत नाही. पुढे काय?

लगेच तशीच दुसरी लावू नका, तुलना करत बसाल. आठवडाभर सोडा. मग तुम्हाला नेमकं काय आवडलं ते बघा.

विसरणं आणि जन्मोजन्मीचा छळ आवडला असेल तर २०१८ ची ‘अ‍ॅशेस ऑफ लव’ (६३ भाग) किंवा २०२० ची ‘लव अँड रिडेम्प्शन’ (५९ भाग). पहिलीत नायिकेला जन्मतःच प्रेम न जाणवणारी गोळी दिलेली असते; दुसरीत नायिकेला संवेदना अपुऱ्या आणि नायक दहा जन्म भोगतो. गुरु-शिष्य आणि नुसतं रडणं हवं असेल तर २०१५ ची ‘द जर्नी ऑफ फ्लॉवर’. हिच्याइतकं काळीज कापणारं नको, हसूही हवं, तर २०२२ ची ‘लव बिटवीन फेअरी अँड डेव्हिल’ (३६ भाग). दृश्यांसाठी आणि चुकीच्या माणसावर प्रेम बसण्यासाठी २०२३ ची ‘टिल द एंड ऑफ द मून’ (४० भाग).

भागांचे आकडे पाहिलेत तर २०२० नंतर ते एकदम उतरलेले दिसतील. फेब्रुवारी २०२० मध्ये चिनी सरकारी नियामकाने मालिका ४० भागांच्या आत ठेवण्याची सूचना काढली, म्हणून. तेव्हा संथपणे फुलणारी, मधेच दारूच्या गप्पांवर एक अख्खा भाग घालवणारी लांब मालिका हवी असेल तर २०२० च्या आधीच्या यादीत शोधा.